आबांची पलटण शोधताना

अंबाजोगाई

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

आबांच्या लष्करातल्या नोकरीचे कागद काढायचे म्हणतेस, तर आधी 'हैदराबाद' या शब्दाची गाठ सोडव. तो दिसला की लोक निजामाची फौज धरतात आणि तिथंच फसतात. 19 वी हैदराबाद रेजिमेंट इंग्रजांच्या हिंदी लष्करातली. 1945 ला तिचं नाव कुमाऊं झालं, जवानांचे कागद ठेवणारं रेकॉर्ड ऑफिस राणीखेतला. पहिली हैदराबाद इन्फन्ट्री मात्र निजामाच्या संस्थानाची. त्यात डिसेंबर 1941 ला दोन्हीकडचे जवान मलायातच! संस्थानाची पलटण कोटा भारूच्या विमानतळाच्या राखणीला, तर तिकडं वेगळ्या ब्रिगेडमध्ये इंग्रजांची 4/19. म्हणून 'मलायात होते' एवढ्यावर काहीच ठरत नाही.

4/19 ही तारीख समजू नकोस. 19 व्या रेजिमेंटची चौथी बटालियन, असं ते वाचायचं. 3/5 मराठा असेल तर अर्ज बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला. महार रेजिमेंट असेल तर सागरला, तोफखाना नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्स, म्हणजे लष्कराचे इंजिनियर, खडकीला. गाव कुठलं याला तिथं किंमत नाही, रेजिमेंट कुठली ते बघतात.

नावापेक्षा शिपायाचा लष्करी नंबर मोठा. कारकुनानं कानाला आलं तसं नाव इंग्रजीत उतरवलेलं असतं, पुष्कळदा आडनावच नसतं, नुसतं नाव आणि बापाचं नाव. तालुका 'मोमिनाबाद' दिसला तर तो आपलाच, अंबाजोगाईचा. उर्दू दाखल्यातलं साल 'फसली', म्हणजे निजामाच्या राज्यातल्या कालगणनेचं असतं. त्यात 590 मिळव, जानेवारीपासून पुढची तारीख असेल तर 591. 1350 फसली म्हणजे ऑक्टोबर 1940 पासूनचं वर्ष. भरतीच्या कागदावरचं वय अंदाजानं टाकलेलं असायचं, त्यामुळं दोन-तीन वर्षांच्या फरकावरून 'हा माणूस वेगळा' म्हणू नकोस.

पलटणीची वॉर डायरी, म्हणजे युद्धकाळातली रोजची नोंदवही, लंडनजवळ क्यूच्या अभिलेखागारात मिळते. इटलीची डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) 170 या क्रमांकाच्या दप्तरात, मलाया-बर्माची डब्ल्यूओ 172 मध्ये. तिच्यात शिपायाचं नाव सहसा नसतं, साहेबांचीच असतात. बटालियनमध्ये ए, बी, सी, डी अशा चार रायफल कंपन्या, कंपनीत तीन प्लाटून, प्लाटूनमध्ये तीन सेक्शन. सगळे मिळून आठशेच्या आसपास माणसं. म्हणून कंपनीचं अक्षर कळलं, तरच त्या दिवशी आबा कुठं असतील याचा माग लागतो.

डिस्चार्जचा दाखला लॅमिनेट करू नकोस, मागचे शिक्के पुसट होतात. घडीवर शाई उडालीय. नंबरातला शेवटचा आकडा 1 की 7, ते तिरप्या उजेडात बघ. नाहीच ठरलं तर अर्जात दोन्ही नंबर लिही.

तुझे,
अण्णा