डेकवर नुसती ‘एक मॅट’ मारू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

1 जूनला मासेमारी बंद झाली की फायबरच्या होड्या माडांखाली ओढल्या जातात. इंजिन उतरतं, जाळी तुणून होतात. डेककडे मात्र लक्ष जातं ते जुलैच्या अखेरीस. पायाखाली डेक लचकतंय, तेव्हा वरून एक मॅट (काचतंतूंची चटई) रेझिनमध्ये, म्हणजे तंतू भिजवून कडक करणाऱ्या द्रवात, बसवून मारून घेऊ, असं ठरतं आणि 1 ऑगस्टला होडी पाण्यात जाते. दुरुस्तीची ही पद्धत चुकीची आहे.

अनेक होड्यांचं डेक एकसंध फायबरचं नसतं. वर आणि खाली फायबरची कातडी आणि मध्ये प्लायवूड, अशी त्याची रचना असते. सुकाणूजवळ उभं राहायची जागा आणि इंजिन अडकवायची मागची फळीही बहुतेकदा अशीच. खुंट्या, कड्या, रेलिंग यांच्या बोल्टांच्या भोकांतून पाणी आत झिरपतं, प्लाय कुजतो आणि कातड्या सुट्या होतात. लचक येते ती त्यामुळे. वरून मॅट चढवली की ओल आतच कोंडली जाते, होडीचं वजन वाढतं आणि कूज पुढे सरकत राहते.

रोग कुठवर गेलाय हे पाहायला यंत्र लागत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डेकवर वीतभर अंतराने ठोकत जावं. खणखणीत आवाज आला तर आत ठीक, बद्द आला तर कातडी सुटलेली. शंका वाटेल तिथे 4 मिमीचं भोक फक्त वरच्या कातडीतून प्लायपर्यंत पाडावं. भुसा पांढुरका आणि कोरडा निघाला तर भोक पुटीने बुजवून टाकावं. काळपट, ओला निघाला तर आवाज बद्द येणाऱ्या भागाच्या पुढे निदान चार बोटं उघडायची तयारी ठेवावी.

उघडण्याआधी होडीच्या दोन्ही बाजूंना टेकू द्या. डेकच बाजू धरून ठेवतं. एकदम सगळं कापलं तर बाजू पसरतात आणि नवं डेक बसेनासं होतं, म्हणून एका वेळी एकच कप्पा घ्यावा. ग्राइंडरने फक्त वरची कातडी, म्हणजे साधारण 3 मिमी कापावी आणि कडेला 50 मिमीची पट्टी जुनीच ठेवावी. कुजका प्लाय पटाशीने खरवडून काढायचा. खालच्या कातडीवर पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा. आतून दव धरलं तर अजून वाळायचं आहे. हे वाळणं एप्रिल-मेच्या उन्हात जमतं, आषाढात झापांखाली नाही. त्यामुळे डेक उघडायचं ते बंदीच्या आधी आणि बंदीच्या दिवसांत वरचं फिनिशिंग करायचं, असा क्रम लावलेला बरा.

नवा प्लाय आयएस 710 शिक्क्याचा (मरीन प्लाय), 12 मिमी जाडीचा घ्यावा. एक फुटाच्या तुकड्यांत कापला तर डेकच्या गोलाईवर नीट बसतो. प्रत्येक तुकड्याला हवा निघायला 6 मिमीची चार-पाच भोकं पाडावीत. पॉलिस्टर रेझिन लाकडाला घट्ट धरत नाही, म्हणून प्लाय इपॉक्सीत, म्हणजे जास्त घट्ट चिकटणाऱ्या दुसऱ्या रेझिनमध्ये, बसवणं उत्तम. खर्च परवडत नसेल तर सगळ्या कडा पॉलिस्टर रेझिनने भिजवून, खाली 450 ग्रॅमची (चौरस मीटरचं वजन) एक मॅट त्याच रेझिनने भिजवून घालून बसवावा आणि वर प्लॅस्टिक पसरून वाळूच्या पोत्यांचं वजन ठेवावं. एक पथ्य पाळायलाच हवं: जुन्या पॉलिस्टरवर इपॉक्सी चालते, पण वाळलेल्या इपॉक्सीवर पॉलिस्टर नीट चिकटत नाही. इपॉक्सीने सुरुवात केलीत तर शेवटपर्यंत इपॉक्सीच. आणि फटी भरायला थर्माकोल वापरू नका, पॉलिस्टर रेझिन त्याला विरघळवून टाकतं.

वरची कातडी जोडताना जुनी कड तिरकी घासावी, जाडीच्या बारापट, म्हणजे 3 मिमीला 36 मिमी. घासण्याआधी ॲसिटोनने पुसायचं, नंतर नाही. आधी घासलं तर जुनं मेण आणि डिझेलचं तेल ओरखड्यांत जाऊन बसतं. एक चौरस मीटरला 450 ग्रॅमच्या दोन मॅट आणि मध्ये 600 ग्रॅमचं रोव्हिंग (काचतंतूंचं विणलेलं कापड) लागतं. मॅटला तिच्या वजनाच्या सव्वादोनपट आणि रोव्हिंगला वजनाइतकंच रेझिन धरलं तर 2.6 किलोच्या आसपास जातं. प्लाय बसवायला, कडांना आणि नासाडीला धरून पाच किलो आणावं. जास्त रेझिन म्हणजे जास्त ताकद, हा गैरसमज आहे. रेझिनचं तळं साचलेला थर ठिसूळ होतो आणि तडकतो. लोखंडी रोलरने हवा काढत जायचं. मॅट घरात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, दमट मॅटवर पांढरे डाग पडतात आणि तिथेच पुढे थर सुटतो.

हार्डनर (रेझिन गोठवणारं द्रव्य) एक किलो पॉलिस्टर रेझिनला 10 ते 15 मिली, ऊन असेल तेव्हा 10. घाईत 30 टाकलं तर कामाआधी मगमधलं रेझिनच गरम होऊन धुरावतं. आणि लवकर गोठू नये म्हणून 5 टाकलं तर थर कधीच पुरता कडक होत नाही, चिकट राहतो. एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त कालवू नये आणि तेही पसरट भांड्यात.

वरचा जेलकोट (रेझिनचा शेवटचा गुळगुळीत थर) मेण न घातलेला असेल तर हवेमुळे तो चिकटच राहतो. शेवटच्या हाताला त्यात मेणाचं द्रावण घालावं किंवा वर प्लॅस्टिक अंथरावं. पाय घसरू नये म्हणून वाळू टाकायची तर नदीची, धुऊन, वाळवून, चाळलेली. किनाऱ्यावरची मिठाची वाळू नको.

बोल्टांच्या भोकांकडे दुर्लक्ष झालं तर एवढी मेहनत एका पावसात वाया जाते. दहाच्या बोल्टला 16 मिमीचं भोक पाडून ते इपॉक्सी पुटीने पूर्ण भरावं, वाळल्यावर त्याच पुटीत 10 मिमीचं भोक करावं. बोल्ट 316 स्टेनलेसचा, खाली रुंद पट्टी आणि पॉलियुरेथेन सीलंट. पहिल्यांदा हलकंच आवळा, सीलंट जमल्यावर पूर्ण. पहिल्याच दिवशी कचकचून आवळलं तर सगळं सीलंट बाहेर निघतं आणि आत पाणी यायला वाट मोकळी होते.

आता दुकानदारांना आणि मत्स्यव्यवसाय विभागाला एक विनंती. रेझिन लवकर गोठावं म्हणून त्यात घालायचं जांभळं कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. हार्डनर डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, ताबडतोब किमान 15 मिनिटं पाण्याने धुऊन डॉक्टरकडे न्यावं लागतं. अशी द्रव्यं पाण्याच्या रिकाम्या बाटलीत, बिनचिठ्ठीची, सुटी देऊ नयेत. बाटलीवर मराठीत नाव, प्रमाण आणि हा क्रम लिहिलेला असावा आणि दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या पिशव्यांत द्याव्यात.

— फायबर होड्यांची दुरुस्ती करणारे काही कारागीर, मालवण