तिथीची पाऊणपट

आदरणीय मामा,

आमच्या स्टुडिओच्या किल्ल्या सांभाळणारे तुम्ही निवृत्त होऊन देवगडला गेलात एवढंच कळलं, पत्ता काही मिळाला नाही. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या शिल्पकला विभागातलं कुणी ना कुणी ते तुमच्यापर्यंत पोचवेलच.

मी उरणहून यायची. मोऱ्याहून लाँच, मग मुंबईत भाऊचा धक्का, तिथून जे.जे.पर्यंत पायी. मोऱ्याला गाळ इतका साचतो की मोठ्या ओहोटीला लाँच जेट्टीला लागतच नाही, हे वर्गात कुणाला सांगून पटायचं नाही. मॉडेल सकाळी बसायचं आणि मी पोचेपर्यंत निम्मी बैठक उरकलेली असायची. एकदा मी दारातच रडकुंडीला येऊन उभी होते, तेव्हा तुम्ही विचारलंत, "आज तिथी कोणती?" तृतीया, म्हटलं. तुम्ही बोटांवर हिशेब केलात. तिथीची पाऊणपट, तीनाची सव्वादोन, म्हणजे भरती सव्वादोनला, म्हणजे सहा तासांनी ओहोटी सव्वाआठला. "मग तू येणार तरी कशी?" मामा, त्या शहरात माझ्या उशिराचं कारण न सांगता कळलेला पहिला माणूस तुम्ही.

त्यानंतर पौर्णिमा-अमावास्येच्या पुढचे तीन-चार दिवस माझा स्टँड खिडकीपाशी ओढून ठेवलेला असायचा आणि मातीवर ओलं फडकं. संध्याकाळी सगळे गेल्यावरही तुम्ही किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन बाकावर बसून राहायचात. त्या उंच छताच्या, दगडी भिंतींच्या स्टुडिओत दिवस मावळेपर्यंत उजेड पुरायचा. एवढी मोठी जागा, एवढी मुबलक माती मी आधी पाहिलीच नव्हती. पण ती जागा मला 'माझी' वाटली, ती तुमच्या किल्ल्यांमुळे.

आणि ते मातीचं डोकं! तीन आठवडे केलेलं. सोमवारी येऊन बघते तर हनुवटी छातीवर घसरलेली. आत बटरफ्लाय, म्हणजे मातीला आधार देणारी चिपट्यांची फुली, टांगायला मी विसरले होते. तुम्ही काही बोलला नाहीत. लाकडाच्या दोन चिपट्या घेतल्यात, तारेने फुलीसारख्या आवळल्यात आणि आर्मेचरला, म्हणजे आतल्या सांगाड्याला, लोंबत्या सोडल्यात. माती त्यांना धरून राहते, वजन खाली येत नाही. "माती कुठे पळून जातेय? पुन्हा चढव." चढवली. दुसरं डोकं पहिल्यापेक्षा चांगलं झालं.

त्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत तुम्ही मला क्रॉफर्ड मार्केटला नेलंत. रोज तिथून जाऊनही मी दारावरची शिल्पं कधी मान वर करून पाहिली नव्हती. शेतात राबणारी ती माणसं लॉकवुड किपलिंग यांची, आपल्याच शाळेत शिकवायचे ते. मग बोरीबंदर. १८८८ साली पूर्ण झालेल्या त्या स्टेशनावरची पानं, पक्षी, प्राणी घडवण्यात जे.जे.च्या विद्यार्थ्यांचे हात होते, हे तुम्ही असं सांगितलंत जणू ती मुलं कालपरवा तुमच्याकडून छिन्न्या घेऊन गेली होती. १८५७ साली सुरू झालेली शाळा एवढंच मला फॉर्म भरताना ठाऊक होतं. शाळा कुंपणाबाहेर, पार रेल्वेच्या भिंतींवर पसरलीय, हे तुम्ही दाखवलंत. परतीच्या लाँचमधून धक्क्यावरच्या मासळीच्या टोपल्या, दोर ओढणारे खांदे मी त्या दिवसापासून रेखाटायला लागले. त्या वह्या अजून आहेत.

जानेवारी २०२४ पासून उरणला लोकल आली. आमच्याकडची मुलं आता तिथी न बघता घराबाहेर पडतात, याचा मला खरंच आनंद आहे.

मी इथे उरणलाच मुलांना मातीकाम शिकवते. पहिल्या दिवशी चिपट्यांची फुली बांधायला लावते, बाकी सगळं नंतर. शेवटच्या वर्षी तुम्ही दिलेली, दोन्ही टोकांना लाकडी मुठी असलेली तार आठवते? माती कापायला रोज तीच घेते. एक मूठ सैल झाली होती, ती गेल्या महिन्यात बदलून घेतली. तार तुमचीच आहे.

मामा, मनापासून आभार.

तुमची,
मोऱ्याची पोर