विषय : मोनॅको ग्रां प्री (फॉर्म्युला वन मोटारशर्यत) सहलीत क्रमांकित आसनाऐवजी डोंगरउतारावरील तिकीट दिल्याबाबत तक्रार

मा. व्यवस्थापकीय संचालक,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी आज दुपारी झालेले संभाषण माझ्या बाजूने शेवटचे आहे. यापुढे जे काही व्हायचे ते लेखी होईल.

के स्टँड आणि रोशे यांतला फरक मी आपल्याला समजावून सांगण्याची गरज नसावी. के स्टँड बंदरालगत, ट्रॅकच्या ताबाक वळणापासून जलतरण तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आहे आणि तिथे प्रत्येकाला क्रमांकाचे आसन असते. रोशे म्हणजे राजवाड्याच्या खडकाखालचा उतार. तिथे आसनही नाही आणि क्रमांकही नाही, जो सकाळी लवकर पोहोचेल त्याची जागा. आपल्या वाशी कार्यालयाने माझ्याकडून पैसे के स्टँडचे घेतले आणि शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी नीसच्या हॉटेलात आपल्या टूर मॅनेजरने हातात तिकिटे ठेवली ती रोशेची.

माझ्या वडिलांच्या दोन्ही गुडघ्यांचे सांधे बदललेले आहेत. हे बुकिंगच्या अर्जात स्पष्ट लिहून दिले होते आणि जास्त पैसे मोजून आसन घेतले ते केवळ त्यासाठीच. मोनॅको जेमतेम दोन चौरस किलोमीटरचे, पण समुद्रापासून थेट डोंगरावर चढत गेलेले शहर आहे. तिथे नकाशावरच्या अंतराला काही अर्थ नाही, आणि शर्यतीच्या दिवशी शहराचेच रस्ते ट्रॅक झालेले असल्याने दारापर्यंत टॅक्सीही नेता येत नाही. चढ टाळण्यासाठी तिथे सार्वजनिक लिफ्ट आणि सरकते जिने आहेत; आपल्या माहितीपत्रकात त्यांचा उल्लेखसुद्धा नाही, फक्त ‘स्थानकापासून पायी जवळ’ एवढेच छापले आहे. त्या उतारावर घसरू नये म्हणून वडील शर्यतीच्या सगळ्या 78 फेऱ्या होईपर्यंत टाचा मातीत रोवून बसले होते, आणि उठताना त्यांना माझ्या व एका अनोळखी फ्रेंच गृहस्थांच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.

आता आजच्या बोलण्याविषयी. मी तिकिटातल्या फरकाची रक्कम मागितली. आपल्या प्रतिनिधीने प्रथम ‘वरून व्ह्यू जास्त चांगला असतो’ हे टूर मॅनेजरचेच वाक्य ऐकवले. मी गुडघ्यांविषयी पुन्हा सांगितले, तेव्हा उत्तर आले, ‘सर, डोंगर काही आम्ही बांधलेला नाही.’ ही शर्यत 1929 पासून तिथे होत आली आहे. तिथला चढ सहल विकणाऱ्याला ठाऊक असलाच पाहिजे, असे मी म्हणालो. त्यावर ते म्हणाले, ‘इतका त्रास होता तर वडिलांना घरी टीव्हीवर दाखवायची होती, सगळी शर्यत नीट दिसली असती.’ फोन स्पीकरवर होता. वडील शेजारीच बसले होते. ते काही न बोलता आतल्या खोलीत निघून गेले. निवृत्तीनंतर साठवलेल्या पैशांतून त्यांनी स्वतःचा खर्च स्वतः केला होता. पैसे घेताना ‘काकांची काळजी आमच्यावर सोडा’ म्हणणारे कार्यालय आणि आज हे ऐकवणारे कार्यालय एकच आहे, याची मला खरोखर लाज वाटते, कारण ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत आपले नाव मीच अनेकांना सुचवले होते.

पुन्हा स्पष्ट लिहितो : पैसे के स्टँडचे घेतले आणि तिकीट रोशेचे दिले. पावती, व्हाउचर आणि प्रत्यक्ष तिकिटे यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. दोन्ही तिकिटांच्या फरकाची पूर्ण रक्कम आणि माझ्या वडिलांच्या नावे लेखी माफी पंधरा दिवसांत मिळाली पाहिजे. पुढच्या सहलीवर सवलतीचे कूपन मी स्वीकारणार नाही. मुदतीत उत्तर न आल्यास सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या कारणांवरून मी ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यामुळे आपले मुख्य कार्यालय कुठे आहे याची अडचण मला येणार नाही.

आपला ग्राहक,
ठाणे (पश्चिम)