आमचे पंधरा किलो मशीनवर राहू द्या

ती. अण्णा आणि आईस, सा. न.

फोनवर हे बोलवेना, म्हणून लिहितोय. आई, परवा तू विचारलंस, "पोरगी अशी चिपाडासारखी का झालीय? खायला घालता का नाही?" तेव्हा मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज चांगली होती.

अंगणवाडीत तिचं वजन केलं. साडेतीन वर्षांची, अकरा किलो दोनशे ग्रॅम. ताईंनी तक्त्यावर टिंब दिलं, ते पिवळ्या पट्ट्यात पडलं. "तुमची एकटीच नाही, २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची शंभरातली छत्तीस पोरं वजनाला कमी भरली," असं म्हणाल्या. धीर द्यायला म्हणाल्या असतील, पण मला काही धीर आला नाही.

घरात उपाशी कुणी नाही, ते आधी मनातून काढा. भात रोज होतो. खोट आहे ती डाळीत. ही सकाळी सातला पोळ्यांच्या कामाला जाते, चार घरच्या मिळून साठेक पोळ्या लाटते, आणि घरी येऊन आमच्यासाठी कुकरला भात लावते. डाळ आणतो पावशेर. ती चार दिवस पुरवायची म्हणजे वरण पिवळं दिसतं एवढंच, चमच्याला काही लागत नाही. तेलाचा पाच लिटरचा डबा स्वस्त पडतो हे मलाही कळतं, पण तेवढे पैसे एकदम हातात नसतात. पोरगी अंगणवाडीची खिचडी खाते आणि मग दुपारपर्यंत शेजारच्या मावशींकडं. रडली की पाच रुपयांचा पुडा. मसाल्याची बोटं चाटत बसते आणि जेवायच्या वेळी तोंड फिरवते. मावशींना काय बोलणार, फुकट सांभाळतात.

आणि मी दिवसभर मार्केट यार्डात तूरडाळीचीच पोती टेम्पोत चढवतो! दुपारी 'कष्टाची भाकर'मध्ये जेवतो, म्हणून माझं बरं चाललंय. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं १९७४ साली ते सुरू केलं, ना नफा ना तोटा. तिथलं जेवण अंगी लागतं. पण मी तिथं जेवून त्या दोघींच्या ताटात काय पडणार?

अण्णा, तुम्ही बहात्तरच्या दुष्काळाचं सांगता, कामावर मिळालेली सुकडी, घरी मिलोची लाल भाकरी. तेव्हा कुणाच्या चुलीवर काय नाही ते साऱ्या गावाला ठाऊक असायचं. इथं पोरीच्या अंगात फ्रॉक चांगला, हातात पुडा. वजनकाट्यावर उभी केली नसती तर आम्हालाही कळलं नसतं.

आता मुद्द्याचं. एक देश एक रेशनकार्ड झाल्यापासून गावच्या कार्डावर पुण्यातही धान्य मिळतं. या महिन्यात मी इथल्या दुकानात गेलो. पोती उचलून अंगठ्याच्या रेघा झिजल्यात, तिसऱ्या खेपेला उठला. दुकानदार मशीन बघून म्हणाला, "तुमचं सगळं उचललंय." कार्डावर आपण पाच जण, माणशी पाच किलो, म्हणजे पंचवीस. चार तारखेलाच तुमच्या अंगठ्यावर गेलेले. मी रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली.

इथंच नवीन कार्ड काढ म्हणाल. शहरात या धान्यासाठी वर्षाचं उत्पन्न ५९ हजारांच्या आत लागतं, म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाही. आमच्या खोलीचं भाडंच साडेचार हजार! शिवाय २०१३ च्या कायद्यात देशभराचा हिशोब धरला तर खेड्यातली शंभरातली पंचाहत्तर माणसं बसतात आणि शहरातली पन्नासच. तेव्हा आमची नावं गावच्या कार्डावर आहेत तीच बरी, काढू नका.

फक्त पुढच्या महिन्यापासून तुमचे दोघांचे दहा किलो उचला आणि आमचे पंधरा मशीनवर राहू द्या. दुकानदाराला आधीच सांगायचं, नाहीतर तो एकदम पंचवीस टाकून मोकळा होतो. इथं गहू-तांदूळ फुकट मिळाला की तेवढे पैसे डाळीला आणि अंड्यांना सुटतील.

हे मागायला मला जड जातंय. तुम्ही दोघं भाकरीवरची माणसं, तेव्हा उरलेला तांदूळ देऊन तुम्ही बीपीच्या गोळ्या आणता, हे मला कळलंय. आईकडून कळलं, तिला बोलू नका. गोळ्यांचे पैसे मी दर पाच तारखेला काकांच्या फोनवर टाकीन. त्यांच्याकडून मागून घ्यायचे, लाजायचं नाही. आणि गोळी एक दिवसाआड नाही, रोज घ्यायची.

आई, ज्वारी इतक्यात पाठवू नकोस, आपल्या मालदांडीचं दळण अजून आहे. पाठवायचंच तर हुलगे आणि शेंगदाणे पाठव. गूळ घातलेलं माडगं पोरगी वाटी चाटूनपुसून पिते. पिशवीवर नाव मोठ्या अक्षरात लिहायला सांग. मागच्या खेपेला स्वारगेटला कुणीतरी आपलीच समजून नेली, त्यात तुझी शेंगाचटणी होती.

तुमचा,
थोरला