ओवीला लघुगुरूची फूटपट्टी लावू नका

मा. संपादक,

आपल्या विद्यार्थी पुरवणीत कथाकाव्याच्या रचनेवर मार्गदर्शन सुरू झाले, याचा आनंद आहे. मात्र पहिल्याच भागातली 'प्रत्येक ओळीखाली लघुगुरूच्या खुणा करा', म्हणजे आखूड (लघू) आणि लांब (गुरू) उच्चाराची अक्षरे खुणेने दाखवा, ही सरसकट सूचना आम्हाला खटकली. वृत्तबद्ध कवितेला ती चालेल. श्रावणात रत्नागिरी-सिंधुदुर्गात वाचल्या जाणाऱ्या ओवीबद्ध पोथ्यांना मात्र ती लावली की मुले हमखास फसतात.

आधी रचना कुठल्या जातकुळीची ते पाहावे. चार ओळी मोठ्याने म्हणाव्यात. अक्षरांची संख्या आणि लघुगुरूंचा क्रम दोन्ही ओळीओळीत तेच आले, तर अक्षरगणवृत्त. अक्षरे कमीजास्त, पण मात्रांची (लघूची एक, गुरूच्या दोन) बेरीज जुळते आणि टाळी ठरावीक मात्रांवर पडते, तर मात्रावृत्त. तिसरी जात छंदाची, ओवी त्यातलीच. छंदात ऱ्हस्व अक्षरही म्हणताना लांबते, म्हणून तिथे लघुगुरूचा हिशेबच नसतो.

वृत्ताचा हा नमुना, ओळी आमच्याच:

सुकाणू फिरेना, दिसेना किनारा
तुटे दोर, फाटे शिडाचा पिसारा

ओळीत 12 अक्षरे, लघू-गुरू-गुरू असा य-गण चार वेळा. हा भुजंगप्रयात. सहाव्या अक्षरावर श्वास थांबतो. 'दिसेना'च्या जागी 'दिसत नाही' घातले की अक्षरे 14 होतात आणि ओळ तिथेच अडखळते. खुणा करताना मुले जोडाक्षराआधीचे अक्षर डोळे मिटून गुरू धरतात; पण 'तुम्ही', 'उन्हात' यांत आधीच्या अक्षरावर आघात येत नाही, म्हणून 'तु' आणि 'उ' लघूच राहतात.

आता ओवी:

रात्री सुटला उधाण वारा । बंदरी नाही पहारा ।
तुटला जुना दोर सारा । होडी वाहे ॥

चरणांची अक्षरे 10, 8, 9 आणि 4. पहिल्या तिन्हींना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. ग्रंथातल्या ओवीत ही कमीजास्त अक्षरे दोष नव्हेत. पुरवणीतल्या पद्धतीने मात्रा मोजल्या तर पहिल्या तीन चरणांच्या 16, 14, 14 येतात. दोन चरण 14 चे निघाले, की विद्यार्थी 'मात्रावृत्त, पहिल्या चरणात दोष' असे लिहून मोकळा होतो. ते दोन 14 निव्वळ योगायोगाचे! कथेच्या अंगाने पाहायचा तो चौथा चरण: तीन यमकांनी वाढलेला वेग तिथे तुटतो, आणि नेमकी घटना तिथेच घडते.

यमकाबद्दल आपल्या लेखात 'शेवटचे अक्षर सारखे' एवढेच आहे. तेवढ्याने भागत नाही. त्याआधीचा स्वरही जुळावा लागतो. 'वारा-सारा' जुळते, 'वारा-मोरा' लंगडते. शिवाय मराठीत 'निघाला-बुडाला' अशी क्रियापदांची यमके फुकटात मिळतात आणि कथाकाव्यात ती ढिगाने येतात. वरच्या वृत्तातले 'किनारा-पिसारा' नामांचे आहे. कुठली यमके क्रियापदांची आणि कुठली नामांची, हे वेगळे नोंदवले तर कवीने मेहनत कुठे घेतली ते दिसते.

पुनरावृत्तीला लेखात दोनच ओळी मिळाल्या, हे फारच कमी. कोकणातल्या जाखडी नाचाच्या गाण्यात किंवा पोवाड्यात ध्रुवपद साथीदार उचलतात. मुख्य गायकाला दम घेता येतो आणि कथेतला काळ किंवा ठिकाण बदलायला जागा मिळते. छापील प्रतीत दरवेळी नुसते 'धृ.' असते, म्हणून विद्यार्थी ते मोजतच नाही. वहीत प्रत्येक कडव्याखाली ध्रुवपद पूर्ण लिहायला सांगावे. मग तेच शब्द आधी फुशारकीचे आणि नायक पडल्यावर विलापाचे कसे होतात, ते नजरेत भरते. एखादा शब्द बदलला असेल, किंवा एखाद्या कडव्यानंतर ध्रुवपद गाळले असेल, तर त्याखाली रेघ ओढावी. दामयमकही इथेच पाहावे: एका चरणाचा शेवट पुढच्याच्या आरंभी उचलला की कथा साखळीने पुढे सरकते.

पुढच्या भागांसाठी एक विनंती. जुन्या कवितेत मात्रेसाठी 'नाहि' किंवा 'आणि'ऐवजी 'आणी' असेल, तर मुद्रितशोधकाने ते सुधारू नये. एका वेलांटीने वृत्त बिघडते आणि विद्यार्थी कवीची चूक शोधत बसतो.

— मराठीचे दोन शिक्षक, रत्नागिरी