बादलीतला रॉड आणि फणसाखालचा जोड

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र घरी आणून देता आलं असतं. मुद्दाम उघड लिहितेय, कारण गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत आगरा-आगरातून माझ्यासारखेच पंप जळत असतील आणि दोष मोटरला दिला जात असेल.

फेब्रुवारीत शिंपणं अडलं तेव्हा माझा धीरच सुटला होता. पोफळींची आळी कोरडी, पानं पिवळी पडायला लागलेली. बटण दाबलं की मोटर नुसती घूं घूं करायची. एकाच वर्षात दोनदा आतली जळलेली तार नव्याने भरून आणली, कॅपॅसिटर बदलला. भरणाऱ्याने सांगितलं, मोटरच घ्या नवी. सासरे असते तर त्यांनी रहाटाच्या दिवसांची आठवण काढली असती. मी मात्र पंपाच्या खोपटात बसून रडले, हे आज तुम्हाला सांगते.

तुम्ही आलात ते मोटरकडे न बघताच. "वहिनी, घरात पाणी तापवायचा रॉड आहे? किती वॅटचा?" २००० वॅटचा होता. मोटर सोडवून तिच्या जागी तो रॉड भरल्या बादलीत लावलात. मला काही कळेना. तुम्हीच उलगडून सांगितलंत: मोटरच्या बाबतीत व्होल्ट आणि अँपियर यांचा नुसता गुणाकार करून वॅट मिळत नाहीत, मध्ये पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या गुणाकारातला खऱ्या कामाचा वाटा, येतो. रॉड मात्र सरळ, जे मोजाल ते खरं. मग टोंग टेस्टर, म्हणजे वायरीला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं यंत्र, माझ्या हातात दिलात. मी दोन्ही वायरी एकदम पकडल्या तर शून्य! "एकीतून जातो तेवढाच दुसरीतून परत येतो, एकच धर."

घराच्या बोर्डावर २३० व्होल्ट, विहिरीवर १९९, करंट साडेसात अँपियर. तुम्ही चुलीतला कोळसा मागितलात आणि खोपटाच्या भिंतीवर लिहिलंत:

२३० − १९९ = ३१ व्होल्ट
३१ ÷ ७.५ = ४.१ ओहम
३१ × ७.५ = २३२ वॅट

व्होल्टला अँपियरने भागलं की रोध, गुणलं की वॅट. शाळेत हा ओहमचा नियम मी घोकला होता, पण तो आपल्या आगरातून जातो हे त्या दिवशी दिसलं. रॉड २००० वॅटचा, आणि त्याला मिळत होते १९९ गुणिले साडेसात, म्हणजे जेमतेम १४९० वॅट. वर २३२ वॅट नुसती वायर तापवण्यात जात होते. शिवाय मोटर सुरू होताना चौपट-पाचपट करंट मागते. तीस अँपियर ओढायला गेली तर चार ओहमात शंभराच्या वर व्होल्ट वाटेतच खलास. व्होल्ट निम्मे झाले की मोटरची ओढ पावपट होते. मग ती फिरणार कशी? जागच्या जागी घुमत तापते आणि जळते.

पण मला सगळ्यात भिडलं ते पुढचं. वायर दीड चौरस एमएमची, अंतर १५० मीटर, जाऊन-येऊन ३००. अशा तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम, म्हणजे आपल्याकडे ३.६. मोजलेला ४.१. "अर्धा ओहम जास्त आहे. वाटेत कुठेतरी जोड खराब आहे," असं तुम्ही भिंतीकडे बघूनच म्हणालात. मेन पाडलात, टेस्टरने खात्री केलीत आणि वायरीच्या कडेने चालत गेलात. फणसाखाली तो सापडला. टेप वितळून चिकट झालेली, आत पिळलेलं तांबं खाऱ्या हवेनं हिरवं-काळं पडलेलं. अंगठ्याच्या पेराएवढा जोड, आणि साडेसात अँपियरला त्यात २८ वॅट, सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता! सुक्या पातेऱ्यावर पडला नाही हे नशीब, पण मे महिन्यात काय झालं असतं याचा विचार करून अजून अंगावर काटा येतो.

वायर चार एमएमची, सलग, एकही जोड न ठेवता टाकून घेतली. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी पुन्हा रॉड लावला: विहिरीवर २१९ व्होल्ट, ८.३ अँपियर. मोटर तीच, दोनदा भरलेली, आणि पहिल्या बटणाला उचलते. पोफळी सावरल्या आहेत, वरची पानं हिरवी आली.

पैशाचा विषय काढला तर तुम्ही शहाळं मागितलंत आणि तेवढ्यावर उठलात. आयटीआयमध्ये इतकी वर्षं मुलांना शिकवलंत, त्या मुलांचा मला हेवा वाटतो, काका.

दिवाळीला घर रंगवलं, खोपटाची ती भिंत तेवढी सोडली. लेकीने तिथेच खाली स्वतःचं गणित मांडलंय. माळ्यावरचा जुना १०० वॅटचा बल्ब मल्टिमीटरला लावला. हिशेबाने २३० व्होल्टला ५२९ ओहम यायला हवेत, मीटर चाळीसच्या आसपास दाखवतो. तार थंड असताना रोध कमी असतो एवढं तिनं शोधलं, पण इतका कमी का, ते तिला तुमच्याकडूनच ऐकायचंय. कोळसा ठेवलाय. रविवारी याल?

आपली,
विहिरीवरची वहिनी