आई आता नऊला जेवते

चि. सोनूस,

अनेक आशीर्वाद.

पत्र दाराखालून सरकवतोय. समोर बोलायला लागलो की माझा आवाज चढतो, मग तुझा चढतो आणि शेजारच्या काकू टीव्ही म्यूट करतात.

गेले चार गुरुवार आम्ही दोघं संध्याकाळी धंतोलीला जातो. तुला आई 'बर्डीवर बाजारात जाते' सांगायची आणि दर वेळी रिकाम्या हातानं यायची. तुझ्या लक्षात आलंच असेल. तिथे आमच्यासारखे आईबाप जमतात. कोणाचा पोट्टा पितो, कोणाची पोरगी वर्षभर कॉलेजात गेली नाही. पण आम्ही तुझी गाऱ्हाणी सांगायला जात नाही, हे आधी लिहून टाकतो.

मे महिन्यात तू गडवा भिरकावलास ना (कूलरच्या पत्र्याला अजून पोचा आहे), त्या रात्री अडीचला आईनं १४४१६ लावला. टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर. २०२२ मध्ये सरकारनं सुरू केलाय, फुकट आहे, रात्रीबेरात्रीही उचलतात, मराठीत बोलतात. घरच्यांनीही लावला तर चालतो, हे मला तेव्हाच कळलं. पलीकडच्या बाईंनी तुझं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, 'ताई, तुम्ही जेवलात का?' आई म्हणाली, 'पोरगा जेवला की जेवते.' एवढं बोलली आणि ओट्याला धरून रडत बसली. मी हातात चष्मा घेऊन उभा होतो. दोन वर्षांत मी तिला हे एकदाही विचारलं नव्हतं.

मला लाज वाटत होती, सोनू. तुझी नाही, लोकांची. आपल्या नागपूरचं छिंदवाडा रोडवरचं मनोरुग्णालय १८६४ सालचं. शाळेत असताना आम्ही एकमेकांना 'तुला तिकडे टाकतो' म्हणून चिडवायचो. तेच डोक्यात बसलं होतं. म्हणून मावशीला 'सोनू ऑनलाइन कोर्स करतोय' असं सांगत राहिलो. कोणता कोर्स, हे तिनं कधी विचारलं नाही. तिला कळलं असणार.

गटात एक रेल्वेतून रिटायर झालेले काका येतात. ते म्हणाले, 'पोराच्या दाराची कडी कशी वाजते त्यावरून मी टीव्हीचा आवाज ठरवायचो.' मी मान खाली घातली. डॉक्टर म्हणाले, घरात सारखे टोमणे असले किंवा सारखा काळजीचा पहारा असला, तरी मनाचा आजार उलटायची भीती वाढते. आमच्या घरात दोन्ही होतं. टोमणे माझे, पहारा आईचा.

तर आता आई नऊला जेवते. तू बाहेर आलास तरी, नाही आलास तरी. हे रागानं नाही. तुझं ताट झाकलेलं असतं. मी सकाळी अंबाझरीला फिरायला जातो आणि 'उठला का?' म्हणून तिथून घरी फोन करत नाही. पहिल्या दिवशी तीनदा खिशात हात गेला.

वस्तू फेकल्यास तर मात्र आम्ही दोघं वरच्या मजल्यावर जाऊ आणि तू शांत झालास की येऊ. डॉक्टरांकडे यायचं असेल तेव्हा सांग, स्कूटर काढतो. रोज विचारणार नाही.

रविवारी तर्री पोहे आणतोय. तर्री वेगळ्या पिशवीत बांधून घेईन, तुला लगदा आवडत नाही. गार झाले तर मायक्रोवेव्ह तुला येतोच.

तुझा,
बाबा